गर्भाला 'व्यक्ती' कधी म्हणायचे?

सोनोग्राफीत गंभीर दोष दिसला, गर्भ आपोआप पडला किंवा आयव्हीएफनंतर गोठवलेल्या भ्रूणांचे काय करायचे हे ठरवायची वेळ आली, की अनेक जोडपी विचारतात, "डॉक्टर, ते बाळच होते ना?" याचे उत्तर कोणत्याही रिपोर्टमध्ये नसते. पण गर्भात केव्हा काय घडते हे समजले, तर विचार करणे सोपे जाते.

गर्भाच्या वाढीचे टप्पे
(आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले आहेत.)

- फलन: स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र येऊन नवी जनुकीय रचना तयार होते.
- फलनानंतर सुमारे १४ दिवसांपर्यंत: एकाच भ्रूणापासून जुळी होऊ शकतात. म्हणजे 'एक व्यक्ती' हेही अजून पक्के झालेले नसते.
- ६ वा आठवडा: सोनोग्राफीत हृदयाचे स्पंदन दिसू लागते.
- १८ ते २० आठवडे: पहिलटकरणीला बाळाची हालचाल जाणवू लागते.
- २४ आठवड्यांच्या आसपास: मेंदूत संवेदनांसाठी लागणाऱ्या जोडण्या तयार होत असतात. या सुमारास जन्मलेले बाळ एनआयसीयूच्या मदतीने जगू शकते, पण धोका मोठा असतो.

मग सीमारेषा कोणती?
कॅथलिक चर्च फलनापासूनच गर्भाला व्यक्तीचा मान देते. अनेक मुस्लिम धर्मशास्त्री १२० दिवसांचा टप्पा मानतात. काही तत्त्वज्ञ जाणीव महत्त्वाची मानतात, काही जन्म. तर काहींच्या मते गर्भाचे नैतिक महत्त्व हळूहळू वाढत जाते. टप्पे विज्ञान सांगते. कोणत्या टप्प्याला किती मोल द्यायचे, हा मूल्यांचा प्रश्न आहे.

भारतातील कायदा
हिंदू वारसा कायद्यानुसार (१९५६) गर्भातील मुलाला वारसाहक्क असतो, पण ते जिवंत जन्मले तरच. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, तर २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते; पती किंवा सासरच्यांची लागत नाही.

तुम्ही काय करू शकता?
- निदान किती खात्रीचे आहे आणि निर्णयासाठी किती दिवस आहेत, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.
- जोडीदाराचे मत वेगळे असले, तर समुपदेशकाकडे एकत्र जा.
- आठव्या आठवड्यात गर्भ गेला तरी दुःख खरेच असते. "अजून बाळ कुठे होते?" असे कोणी म्हटले म्हणून ते दाबून ठेवू नका. सुरुवातीचे बहुतेक गर्भ आईच्या चुकीमुळे पडत नाहीत.
- झोप, भूक किंवा रोजचे व्यवहार बिघडले, तर डॉक्टरांशी बोला.