अखंड की जोडलेला? चार गाभ्यांच्या दोन प्रोसेसरांची कथा

यंत्रांच्या इतिहासात पुष्कळदा असे घडते की, ज्याची कल्पना अधिक निर्दोष त्याचा पराभव होतो आणि ज्याने तडजोड पत्करली तो बाजार जिंकतो. काही वर्षांनी हिशेब पुन्हा मांडला असता जेता कोण आणि जित कोण, हे सांगणे कठीण होऊन बसते. इ. स. २००७ मध्ये बाजारात आलेल्या दोन संगणक-प्रोसेसरांची हकीकत याच जातीची आहे. त्यांपैकी एक इंटेल कंपनीचा ‘कोअर २ क्वाड क्यू ६६००’ आणि दुसरा ए. एम. डी. कंपनीचा ‘फेनम ९६००’. दोन्ही कंपन्या कॅलिफोर्नियातल्या, एकमेकींच्या शेजारच्या आणि दीर्घकाळच्या प्रतिस्पर्धी. दोन्ही प्रोसेसर चार गाभ्यांचे. परंतु ते चार गाभे एकत्र कसे आणावयाचे, याविषयी दोघींचे मत अगदी भिन्न होते.

मुळात चार गाभ्यांची गरज का भासली, हे प्रथम पाहिले पाहिजे. २००४ सालापर्यंत प्रोसेसर वेगवान करण्याचा राजमार्ग म्हणजे त्याच्या घड्याळाची गती वाढविणे, हा होता. परंतु गतीबरोबर उष्णताही वाढत गेली. त्या वर्षीच्या मे महिन्यात इंटेलने ‘पेंटियम ४’चा नियोजित वारसच रद्द केला. एकाच कामगाराला अधिक जोराने धावावयास लावण्यापेक्षा कामगारांची संख्या वाढविणे बरे, असा विचार पुढे आला, आणि २००५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी दोन गाभ्यांचे प्रोसेसर विक्रीस आणले. पुढची पायरी अर्थातच चार गाभ्यांची होती.

इंटेलने ही पायरी सोप्या युक्तीने ओलांडली. दोन गाभ्यांच्या दोन सिद्ध चिपा तिने एकाच वेष्टनात शेजारी शेजारी बसविल्या. असा पहिला महागडा प्रोसेसर नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि जानेवारी २००७ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झ गतीचा क्यू ६६०० आला. त्यात ५८ कोटी २० लक्ष ट्रान्झिस्टर होते. ए. एम. डी.च्या लोकांनी यावर टीका केली की, हा खरा चार गाभ्यांचा प्रोसेसर नव्हेच. ही नुसती जोडणी आहे.

ही टीका निराधार नव्हती. एकाच वाड्यात दोन भावांची बिऱ्हाडे असावीत, मधल्या भिंतीला दार नसावे आणि चिमूटभर मीठ मागावयाचे झाले तरी रस्त्यावरून वळसा घालून जावे लागावे, तशी या प्रोसेसराची स्थिती होती. एका चिपेतील माहिती दुसरीला हवी असल्यास ती बाहेरच्या सामाईक मार्गाने जाई. मुख्य स्मृतीकडे जाणारी वाटही तीच. याउलट ए. एम. डी.ने २००३ सालापासूनच स्मृतीचा नियंत्रक प्रोसेसराच्या पोटात घेतला होता. फेनममध्ये तर चारही गाभे एकाच अखंड चिपेवर कोरलेले होते, आणि प्रत्येकाच्या स्वतंत्र साठ्याखेरीज सर्वांसाठी दोन मेगाबाइटांचा सामाईक साठाही होता.

मग तोट्याची बाजू कोणती? ती कारखान्यात होती. इंटेलच्या प्रत्येक चिपेचे क्षेत्रफळ १४३ चौरस मिलिमीटर, म्हणजे दोन्ही मिळून २८६; फेनमच्या एकाच चिपेचे २८५. सिलिकॉन जवळजवळ तितकेच. परंतु सिलिकॉनच्या चकतीवर कोठे तरी दोष राहावयाचाच. तो लहान तुकड्यात पडला तर लहान तुकडा वाया जातो. मोठ्या तुकड्यात पडला तर सगळाच मोठा तुकडा धोक्यात येतो. २००८ मध्ये ए. एम. डी.ने तीन गाभ्यांचे फेनम विकावयास काढले. चौथा गाभा सदोष निघालेल्या चिपाही त्यामुळे कामी आल्या.

फेनम १९ नोव्हेंबर २००७ रोजी बाजारात आला, तोही अडखळतच. ९६०० ची गती २.३ गिगाहर्ट्‌झ एवढीच होती. त्यातच स्मृतीचे पत्ते जुळविणाऱ्या भागात एक दोष आढळला. क्वचित प्रसंगी त्यामुळे संगणक ठप्प होण्याचा संभव होता. त्यावरचा तात्पुरता उपाय योजला की यंत्र मंद होई. दुरुस्त आवृत्ती मार्च २००८ मध्ये आली. दरम्यान आरंभी ८५१ डॉलरना असलेला क्यू ६६०० जुलै २००७ पासून २६६ डॉलरना मिळू लागला होता. फेनम ९६०० ची किंमत २८३ डॉलर होती, आणि बहुतेक चाचण्यांत तो मागे पडत होता. २००६ मध्ये सुमारे ५४० कोटी डॉलर खर्चून ए. टी. आय. ही कंपनी विकत घेतलेल्या ए. एम. डी.ला हा आघात जड गेला. २००९ मध्ये तिने आपले कारखानेच वेगळे काढले.

इकडे पुण्यातही या जोडणीचे सामर्थ्य दिसून आले. टाटा समूहाच्या संगणन प्रयोगशाळेतील ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरला. त्यातील इंटेलचे ‘झिऑन’ प्रोसेसरही दोन चिपा जोडूनच केलेले होते.

परंतु कथा येथे संपत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये इंटेलने ‘कोअर आय ७’ आणला. त्यात चारही गाभे अखंड चिपेवर, स्मृतीचा नियंत्रक पोटात आणि सामाईक साठा आठ मेगाबाइटांचा! प्रतिस्पर्ध्याची आखणी इंटेलने मान्य केली, ती अधिक सूक्ष्म निर्मितीचे तंत्र हाती आल्यावर. पुढे २०१७ मध्ये ए. एम. डी.ने चार चिपा जोडून ‘एपिक’ हा प्रोसेसर केला, तेव्हा तो डिंकाने चिकटविलेला आहे, असा टोला इंटेलनेच मारला. २०१९ पासून ए. एम. डी.चे टेबलावरील संगणकांचे प्रोसेसरही तुकडे जोडून होऊ लागले, आणि २०२४ मध्ये इंटेलनेही आपल्या तशा प्रोसेसरांत तोच मार्ग धरला.

तेव्हा अखंड श्रेष्ठ की जोडलेला श्रेष्ठ, या वादाला एकच कायमचे उत्तर नाही. क्यू ६६०० जिंकला तो त्याची रचना अधिक चांगली होती म्हणून नव्हे. तो वेळेवर आला, त्याचे गाभे जलद होते आणि तो कारखान्याला पेलला, म्हणून जिंकला. फेनमची आखणी दूरदृष्टीची होती, पण ती ज्या तंत्राने घडवावयाची ते तिला पुरे पडले नाही. आजच्या जोडलेल्या प्रोसेसरांत तुकड्यांमधल्या वाटा क्यू ६६०० च्या मानाने कितीतरी प्रशस्त आहेत. वाडा एक असो वा दोन, मधल्या भिंतीला दार हवे, एवढा मुद्दा मात्र त्या वेळी टीका करणाऱ्यांचा खरा होता.