कणगी गेली आणि महागाई घरात आली



गेल्या आठवड्यात भात झोडून, उफणून गोणीत भरलं. तुम्हाला माहीत आहे, नेऱ्याच्या बाजूला मामांचं दोन एकर शेत मी अर्धेलीने करतो. यंदा सगळं मिळून बावीस क्विंटल उतरलं, माझ्या वाट्याला अकरा. गोण्या ओटीवर लागल्या तशी बायको हिशेबाची वही घेऊन आली. "अहो, किती विकायचं नि किती ठेवायचं ते आजच ठरवा. नंतर गरज निघाली की एकेक गोणी जाते, नि दिवाळीचं भात होळीला दिसत नाही."

वहीत किराण्याचे आकडे होते. तेल, डाळ, गॅस, भाजी. तीन वर्षांपूर्वीचं पान आणि यंदाचं पान तिने शेजारी शेजारी धरलं. वस्तू त्याच, वजन तेच, खालची बेरीज मात्र वेगळी. मी म्हटलं, जरा थांब. या घराने याआधी महागाई कशी काढली ते आधी आठवू, मग गोण्या मोजू. म्हणून आज खत-फवारणीचं काही नाही, थोडा इतिहास.

रोडपालीत आज इमारती आहेत, रुंद रस्ते आहेत. पण आमच्या आजीच्या वेळी इथे खारीची शेती होती. खाडीचं पाणी अडवायला बांध, पावसाचं पाणी सोडायला उघाडी. खाऱ्या जमिनीत तग धरणारा लाल 'राता' भात व्हायचा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पुढे 'पनवेल-१', 'पनवेल-२' असे वाण काढले, ते याच जातीच्या जमिनीसाठी. भात निघालं की त्याच ओलीवर वाल. कणगीत भात, मडक्यात वाल, खाडीत चिंबोरी, निवटे, कोळंबी.

आणि आगोट! नव्या पिढीला हा शब्द सांगावा लागतो. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडाशी केलेली बेगमी. सुकट, बोंबील, वर्षाचा मसाला, मीठ, चिंच, कांद्याच्या माळा, लाकूडफाटा, गोवऱ्या, सगळं मेअखेर घरात. रोकड मोजून आणायचं ते तेल, गूळ, चहा, रॉकेल आणि कापड. बाजारात भाव चढला तर या चार-पाच जिनसांना झळ लागायची. पेज-भाताला नाही. आजी म्हणायची, "घरचा तांदूल हाय तवर बाजार आपल्याला काय करनार?"

पण मंडळी, लगेच 'जुनं ते सोनं' म्हणू नका. आजीच आषाढ-श्रावणाचं नाव काढलं की गप्प व्हायची. कणगीचा तळ त्याच महिन्यांत दिसायचा. मग सावकाराकडून वाढीदिढीने भात. आषाढात एक मण घ्यायचं, सुगीला दीड मण परत द्यायचं. चार-पाच महिन्यांत पन्नास टक्के! आजच्या कुठल्याही महागाईच्या आकड्याशी ताडून बघा. ज्याची जमीन दुसऱ्याची, त्याने आधी खंड घालायचा आणि उरलं तर खायचं.

याच जाचातून आपल्या जिल्ह्यात चरीचा संप झाला. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला सभा झाली, नारायण नागू पाटील पुढारी. पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची शेती करायचीच नाही असं ठरवलं आणि १९३९ पर्यंत ते पाळलं. डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये तिथल्या परिषदेला येऊन गेले. शेत पिकवायचं नाही म्हणजे घरात दाणा नाही. डोंगरातल्या मोळ्या विकून, खाडीतली मासळी-चिंबोऱ्या धरून, मिळेल ती मजुरी करून लोकांनी चुली पेटत्या ठेवल्या. काटकसर म्हणजे काय हे त्या घरांना विचारावं. पण ती काटकसर कशासाठी होती हेही बघा. खंड कमी व्हावा, कुळाला हक्क मिळावा म्हणून. १९३९ च्या कूळ कायद्याने संरक्षणाला सुरुवात झाली, पुढे १९४८ चा कायदा आला.

संप मिटला आणि लढाई आली. कोकण-मुंबईच्या ताटात तेव्हा ब्रह्मदेशचा तांदूळही असायचा. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि तो तांदूळ बंद झाला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसं भुकेने मेली. हजारो मैलांवर एक बंदर पडलं की इथल्या भाताचा भाव हलतो, हे आपल्या लोकांनी तेव्हाच पाहिलं. आज खाद्यतेलाचं तसंच आहे. पाम कुठे पिकतं, सूर्यफूल कुठे पिकतं, आणि फोडणी आपली महागते.

मग आलं १९७०. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन संपादनाला लागली, सिडकोची स्थापना त्याच वर्षी मार्चमध्ये झाली. रोडपाली त्या ९५ गावांतलं. पुढच्या काही वर्षांत आमचीही जमीन गेली. मोबदल्याचा आणि हक्काचा लढा मोठा आहे. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याला पाच जण हुतात्मा झाले, त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. आज फक्त चुलीपुरतं बोलतो.

जमिनीचे पैसे आले. घरावर कौलांच्या जागी स्लॅब आला, आत्याचं लग्न झालं. बाबा सांगतात, पैसे सरल्यावर एका आषाढात त्यांनी पनवेलच्या बाजारातून खांद्यावर तांदळाचं पोतं आणलं. आजीने मूठभर तांदूळ हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "ह्यो कोनाच्या शेतातला?" बाबांना सांगता आलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घराला महागाई लागू झाली. भाव आधीही चढायचेच, पण आता आम्ही भाताचेही गिऱ्हाईक झालो होतो.

वेळ पण कशी! १९७२ चा दुष्काळ, वर १९७३ मध्ये जगभर तेलाचा भडका. १९७४ च्या सुमारास देशातली भाववाढ वीस टक्क्यांच्या वर गेली होती. रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, यायची. बाबांना त्या भाकरीची चव अजून आठवते, आणि आवडीने आठवत नाही.

तेव्हा खाडीपलीकडे मुंबईत बायकांनी काय केलं ते ऐका. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते, कमल देसाई. पक्ष वेगवेगळे, पण पिशवी सगळ्यांची रिकामी. हजारो बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवल्या. मागणी साधी होती: तेल, साखर, रवा, रॉकेल रेशनवर वेळेवर आणि परवडणाऱ्या दरात मिळू दे. घरात कितीही पोटाला चिमटा घेतला तरी दुकानात तेलच नसेल तर काय कराल? हे त्यांनी ओळखलं होतं. १९७५ च्या आणीबाणीने ते मोर्चे थांबवले.

आता दुसरी बाजू. १९८० मध्ये चाकणला शरद जोशींच्या मागे कांदा उत्पादक रस्त्यावर बसला. त्याचं म्हणणं, शहराला स्वस्त मिळावं म्हणून माझा माल मातीमोल का? तेही खरंच. लाटणंवाली बाई चुकीची नव्हती, कांदेवाला पण नाही. माझी पंचाईत ही की मी दोघांच्या रांगेत उभा आहे. तीन गोण्या विकतो तेव्हा भाव वाढावा वाटतं, संध्याकाळी डाळ घेताना उतरावा वाटतं. तुमच्यातल्या निम्म्यांचं हेच असेल.

रेशनचंही सांगतो. कळंबोलीला अन्न महामंडळाची गोदामं आहेत, परराज्यातला गहू-तांदूळ तिथे उतरतो. माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. पण शहरी भागात त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिना पाच हजारही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली आणि आम्ही शहरवाले झालो. शेत गेलेला, कुठेतरी वॉचमन म्हणून बारा तास उभा राहणारा माणूस या मर्यादेत बसत नाही. त्याच्याकडे कणगीही नाही आणि मोफत धान्यही नाही. महागाईचा खरा मार त्याला आहे, मला नाही.

तर परत ओटीवरच्या गोण्यांकडे. आम्ही पाच माणसं. वर्षाला साधारण पाच क्विंटल तांदूळ लागतो, म्हणजे आठ क्विंटल भात. हमीभाव २,३६९ ने त्याचे १८,९५२ रुपये होतात. तेवढाच तांदूळ दुकानातून घ्यायचा तर पन्नास रुपये किलोने पंचवीस हजार. भरडाई, टेम्पो धरला तर वाचतात तीन-साडेतीन हजार. फार नाहीत. पण ऑगस्टमध्ये भाव साठ झाला तरी आमच्या ताटातला भात त्याच भावाचा राहतो, हे मोलाचं.

बायकोने वहीत लिहिलं: आठ घरात, तीन बाजारात. तीनाचे सात हजार थोडे वर, ते मेमध्ये आगोटीला. सुकट, मिरची, हळद, कांदे एकदम घ्यायचे. बांधावर वाल टाकलेच आहेत, डाळीचा खर्च तेवढाच कमी. तेल आणि गॅसला मात्र आमच्याकडे उपाय नाही. तिथे घरातली वही संपते आणि चरीवाल्यांसारखं, लाटणंवाल्यांसारखं चारचौघांत बोलणं सुरू होतं. ५९ हजारांची ती मर्यादा वाढावी म्हणून गावातली आम्ही काही मंडळी अर्ज लिहायला बसणार आहोत.

तुमच्याकडे यंदा किती उतरलं, किती ठेवलं? आणि आगोटीला तुमच्या घरी काय काय भरतात, ते नक्की लिहा.