पाताळगंगेकाठचे तीन शेअर

शेअर घ्यायचा तो जुन्याजाणत्या कंपनीचा, की नव्यानं उभ्या राहणाऱ्या कंपनीचा? श्रोते हा प्रश्न मला हमखास विचारतात. त्याचं उत्तर दलाल स्ट्रीटपेक्षा रसायनीत लवकर सापडतं. पाताळगंगेच्या खोऱ्यातल्या तीन कंपन्यांचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

पहिली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स. स्थापना १९६०, मालक केंद्र सरकार. याहून भक्कम काय असणार? पण आयातीची दारं उघडली आणि स्वस्त परदेशी मालापुढे हिशेब जुळेना. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं रसायनीतले तोट्यातले विभाग बंद करायचं ठरवलं. रॉकेटसाठी लागणारं एक रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला.

दुसरी १८७९ची बॉम्बे डाईंग. तिच्या चादरी घरोघरी होत्या. तिसरी रिलायन्स. तिनं १९७७ साली दहा रुपयांना शेअर विकले, तेव्हा ती कापड धंद्यातली नवखीच होती. १९८२ साली तिनं पाताळगंगेला पॉलिएस्टर धागा काढायला सुरुवात केली. बॉम्बे डाईंगनं त्याच दशकात इथे पॉलिएस्टरचा कच्चा माल, डीएमटी, बनवायला घेतला. रिलायन्स पीटीए या दुसऱ्या कच्च्या मालाकडे वळली.

गोम इथेच होती. एक किलो पॉलिएस्टरला डीएमटी किलोभर लागतं, पीटीए साधारण ८६० ग्रॅम. शिवाय डीएमटी वापरलं की मिथेनॉल सुटतं, ते गोळा करायचा खर्च वेगळा. पीटीएतून नुसतं पाणी सुटतं. धंदा पीटीएकडे झुकला. पुढे बॉम्बे डाईंगनंही डीएमटी सोडून पीटीएपासून तंतू काढायला सुरुवात केली.

म्हणून नव्यावरच पैसे लावावेत का? सावकाश! त्याच काळात पॉलिएस्टरमध्ये उतरलेलं ओर्के हे नाव आज किती जणांना आठवतं? आपण जिंकलेल्याचीच गोष्ट सांगतो. हरलेल्यांची शेअर सर्टिफिकेटं ट्रंकेच्या तळाशी पडून राहतात. आणि जुन्याकडेही झाकली मूठ असते. २०२३ साली बॉम्बे डाईंगनं वरळीची जमीन सुमारे ५,२०० कोटींना विकायचा करार केला.

तेव्हा कंपनीचं वय विचारू नका. माल कशापासून बनतो, तो दुसरा कोणी स्वस्तात बनवू शकेल का, डोक्यावर कर्ज किती आणि काळ बदलला तर यंत्रं बदलायची ऐपत आहे का, हे विचारा. वार्षिक अहवालात यातलं बरंच मिळतं. जुन्या कंपनीचा शेअर घेतला, तरी दरवर्षी हेच प्रश्न पुन्हा विचारा. आणि नव्या कंपनीत घालायचे ते पैसे एवढेच असावेत, की सगळे बुडाले तरी घरातली चूल पेटती राहील.