एम. ए. आणि माळ्यावरची ट्रंक

इतिहासात एम. ए. करून पुढे काय, हा प्रश्न आपल्या बडोद्यात अजून विचारला जातो. गंमत अशी, की मराठ्यांचा इतिहास उभा करणारे दोन मोठे अभ्यासक इतिहासाचे एम. ए. नव्हतेच. रियासतकार गो. स. सरदेसाई बी. ए. होऊन १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले. जदुनाथ सरकारांची एम. ए. इंग्रजीतली. पण सरदेसाईंनी पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादले ते मोडी कागदांतून, आणि बंगाली जदुनाथ अस्सल साधनांसाठी मराठी शिकले.

आज पदवी हाती असूनही मोडी न येणारे पुष्कळ. ही लिपी हात फारसा न उचलता लिहिलेली. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. अवघड खरी, पण सरावाने बसते.

आपल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर इनामाचे, कर्जरोख्यांचे, देवस्थानाचे कागद अजून असतील. वाळवी कुणासाठी थांबत नाही. घरात इतिहासाचा विद्यार्थी वा विद्यार्थिनी असेल, तर यंदा दिवाळीच्या साफसफाईआधी ती ट्रंक त्यांच्यापुढे उघडा. प्रबंधाचा विषय कदाचित तिथेच मिळेल.