वरूथ, बंपर आणि गतिरोधक

अमरकोशात रथाच्या अंगांची नावे सांगताना ‘वरूथ’ हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ ‘रथगुप्ती’ असा दिला आहे. गुप्ती म्हणजे रक्षण. दुसऱ्या रथाशी टक्कर झालीच, तर आघात आधी त्याने सोसावा म्हणून रथाला बसवलेला हा कठडा. त्याच्यावर ओरखडे उठले तर तो कामी आला, एवढाच त्याचा अर्थ. वरूथाला वाचवण्यासाठी त्याच्यापुढे आणखी एक वरूथ बसवावा, असे कोणा सारथ्याला वाटल्याचे ऐकिवात नाही.

आज अंबरनाथ एमआयडीसीतून आनंदनगरकडे जाताना एखादी बुटकी, जमिनीलगत धावणारी स्पोर्ट्स कार दिसलीच, तर ती गतिरोधकापाशी कशी वागते ते पाहावे. ती थबकते, तिरकी होते, आधी एका बाजूचे चाक चढवते, मग दुसऱ्या. मागे टँकर आणि रिक्षा खोळंबतात. ही सारी कसरत कशासाठी? तर बंपर घासू नये यासाठी. टक्कर खाणे हाच ज्याचा धर्म, त्यालाच जपावे लागते. अर्थपरिवर्तन शिकवताना आपण ठरावीक चार-दोन उदाहरणे वर्षानुवर्षे देत असतो. वस्तूचे नाव तेच राहून तिचे प्रयोजन मात्र उलटल्याचे हे उदाहरण त्यांत घालायला हरकत नाही. (‘बंपर पीक’ आणि ‘बंपर लॉटरी’ यांचे कूळ वेगळे, त्या वाटेने येथे जात नाही.)

हे उलटणे आपल्याच मध्य रेल्वेच्या रुळांलगत घडलेले पाहता येते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 तयार होऊ लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिचा बंपर पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेला आणि शरीरापासून वेगळा दिसणारा. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तो बिनदिक्कत वापरला. वाकला की ठोकून सरळ करायचा, मुलामा उडाला तर पुन्हा द्यायचा. ऑक्टोबर 2023 मध्ये या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या आणि वरूथाचा हा शेवटचा सरळ वंशज आपल्या नजरेआड झाला.

त्याच कंपनीच्या कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात 1994 पासून प्यूजो 309 तयार होऊ लागली. तो प्रकल्प काही वर्षांतच गुंडाळला गेला आणि डोंबिवलीकरांच्या तोंडी ‘प्रीमियर’ हे केवळ जागेचे नाव उरले. या गाडीचा बंपर प्लॅस्टिकचा होता. कुर्ला ते डोंबिवली एवढ्या अंतरात बंपर धातूचा प्लॅस्टिक झाला, असे म्हणण्याचा मोह होतो.

जगात हा बदल आधीच झाला होता. 1972 च्या रेनॉ 5 ला प्लॅस्टिकचे बंपर होते. अमेरिकेने 1973 च्या गाड्यांपासून नियम केला, की ताशी 5 मैलांच्या धडकेत पुढचे दिवे आणि सुरक्षेचे इतर भाग शाबूत राहिले पाहिजेत. त्याचा सर्वांत विनोदी बळी म्हणजे एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिला 1974 मध्ये काळे रबरी बंपर चढवले गेले आणि ते ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून सबंध गाडीच इंच-दीड इंच वर उचलली गेली. जमिनीलगत असणे हेच जिचे वैभव, तिला बंपरसाठी टाचा उंचवाव्या लागल्या! रसिकांनी ते कधी माफ केले नाही.

महाराष्ट्रात बुटकी गाडी सार्वजनिक चर्चेचा विषय झाली ती सचिन तेंडुलकरमुळे. ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केल्याबद्दल 2002 मध्ये फियाटने त्याला फेरारी 360 मोडेना भेट दिली. वाद झाला तो 1 कोटी 13 लाखांच्या आयातशुल्काच्या माफीवरून. ते शुल्क अखेर फियाटने भरले. ज्या फियाटच्या नावाने आपण टॅक्सी ओळखली, तिच्याच घरची ही दुसरी लेक. एकीला ओरखड्यांची फिकीर नव्हती, दुसरीला मुंबईचे रस्ते म्हणजे सासुरवास.

आता गतिरोधकाविषयी. आपल्याकडे त्याचेही शास्त्र आहे. ब्रिटनमध्ये 1973 मध्ये वॉट्स यांनी प्रयोगांती 3.7 मीटर रुंद आणि 10 सें.मी. उंच असा उंचवटा सुचवला. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 च्या आपल्या मार्गदर्शिकेत तेच माप घेतले, वक्रतेची त्रिज्या 17 मीटर. हिशेब करून पाहावा. पुढचे चाक या उंचवट्याच्या पायथ्याला टेकते तेव्हा चाकापुढे 1 मीटर आलेले गाडीचे नाक सुमारे 8 सें.मी. उंचीच्या भागावर असते. नाक जमिनीपासून 12 सें.मी. वर असेल तर 4 सें.मी. जागा उरते; गाडी सावकाश, सरळ निघून जाते. पण उंचवटा अर्धाच मीटर रुंद आणि 15 सें.मी. उंच असेल, तर चाक पोचण्याआधीच नाक धडकते. रातोरात डांबराचे ढीग ओतून केलेले आपले बहुतेक गतिरोधक या दुसऱ्या जातीचे.

मात्र ते कोणी मागितले, हेही विचारले पाहिजे. पाळी सुटल्यावर टँकरांच्या मधून रस्ता ओलांडणारा कामगार, शाळेत निघालेले पोर, यांच्यासाठी ते मागितले जातात. पुष्कळदा अपघात होऊन गेल्यावर, रस्ता अडवून. गतिरोधक म्हणजे पादचाऱ्याचा वरूथ. म्हणून बुटक्या गाडीच्या मालकाची तक्रार प्रथम हास्यास्पद वाटते. पण मापात केलेला उंचवटा दोघांनाही वाचवतो. बेमाप ढीग दुचाकीवाल्यालाही पाडतो. तक्रार श्रीमंताची असली म्हणून ती खोटी ठरत नाही.

बंपर मऊ होण्यातही पादचाऱ्याचा वाटा आहे. पोलादी कांबीपेक्षा दबणारे नाक माणसाच्या पायाला कमी इजा करते. आपल्या लोकांना मात्र ते नाक बघवेना. त्यांनी प्लॅस्टिकपुढे पुन्हा लोखंडी गार्ड ठोकले. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितले, कारण ते पादचाऱ्याला आणि गाडीतल्या माणसालाही घातक. वरूथापुढे वरूथ बसवण्याची हौस अशी आपणच पुरी केली.

स्पोर्ट्स कारला गार्डचा मार्ग मुळातच बंद. तिच्यासाठी पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म निघाली आहे. तिचे पूर्वज व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवण्यासाठी वापरले गेले. ती रंगाला उडत्या खड्यांपासून वाचवते, काँक्रीटच्या कडेपुढे तिचे फारसे चालत नाही. काही महागड्या गाड्यांत कळ दाबली की नाक सुमारे 4 सें.मी. वर उचलले जाते. आम्हांला अधिक प्रामाणिक वाटतो तो पोर्श 911 जीटी3 चा उपाय. तिच्या नाकाखाली न रंगवलेली, लवचीक, काळी पट्टी असते. ती घासण्यासाठीच असते. झिजली की स्क्रू काढून नवी लावायची, ब्रेकच्या लायनरसारखी. गॅरेजवाले तिला ‘लिप’ म्हणतात. अमरकोशकाराला तिच्यासाठी नवा शब्द शोधावा लागला नसता.