लेकराचं आजारपण आणि आईवरचा आळ



आपल्याकडं लेकरू आजारी पडलं की पहिला प्रश्न आईलाच विचारतात. पोटुशी असताना काय खाल्लंस? ग्रहणात बाहेर गेली होतीस का? फडात मोळ्या कशाला उचलल्यास? आणि एकाच आजाराची दोन लेकरं असली, त्यातलं एक वाचलं आणि एक गेलं, तर गेलेल्या लेकराच्या आईला जन्मभर ऐकावं लागतं, "तिच्याही लेकराला हेच झालं होतं. तिनं जपलं, हिला जमलं नाही." लहान लेकरांच्या किडनीच्या एका आजाराबाबत हे बोलणं कसं खोटं ठरलं, त्याचा इतिहास आज सांगते.

आधी किडनीचं काम समजून घेऊ. आपल्या पाठीकडच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी दोन किडन्या असतात. एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या. चहाची गाळणी पत्ती अडवते आणि चहा खाली सोडते, तशी ही गाळणी रक्तातली प्रथिनं अडवते आणि नको असलेलं पाणी-क्षार लघवीवाटे सोडते. गाळणी बिघडली की प्रथिनं लघवीतून वाहून जातात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, मग पाय आणि पोट सुजतं. डॉक्टर याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लहान वयात अशी सूज येणाऱ्या बहुतेक लेकरांचा आजार आनुवंशिक नसतो. दहातल्या आठांहून जास्त लेकरांची सूज स्टिरॉइडच्या गोळ्यांनी उतरते. थोड्या लेकरांची गाळणी मात्र जन्मापासूनच कच्ची असते. आपली गोष्ट त्यांची आहे.

ही गोष्ट सुरू होते युरोपच्या उत्तर टोकाला, फिनलंड देशात. तिथं जन्मल्यावर काही आठवड्यांतच सुजणारी बाळं डॉक्टरांना दिसत होती. निलो हालमन या बालरोगतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या आजाराचं वर्णन छापलं. साधारण ८ ते १० हजार जन्मांमागे असं एक बाळ. त्या काळी औषध काहीच लागू पडत नव्हतं. बाळं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच जात.

मग रेयो नोरिओ नावाच्या डॉक्टरनं गावोगावच्या चर्चमधल्या जुन्या वह्या उघडल्या. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यांकडं आपल्या घराण्यांच्या नामावळ्या असतात ना, तशाच तिथं जन्म, लग्न आणि मृत्यूच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी होत्या. १९६६ मध्ये त्यानं ५७ कुटुंबांचा अभ्यास छापला. आई धडधाकट, बाप धडधाकट. पण मागं मागं जाता कितीतरी जोडप्यांची मुळं एकाच पूर्वजाशी जाऊन मिळत होती. लग्न करताना त्यांना हे नातं ठाऊकही नव्हतं.

याचा अर्थ असा. आपलं शरीर कसं घडवायचं याचा मजकूर प्रत्येक पेशीत असतो. त्यातल्या एकेका सूचनेला जनुक म्हणतात. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एका प्रतीत चूक असली तरी दुसरी काम चालवते, म्हणून आई-बाप निरोगी राहतात. बाळाला दोन्हीकडून चुकीचीच प्रत मिळाली, तर मात्र आजार होतो. म्हणजे या आजारात आईचा वाटा जेवढा, तेवढाच बापाचा.

चूक नेमकी कुठं आहे, हे १९९८ मध्ये कळलं. कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाला ते जनुक सापडलं. त्यातून गाळणीचा एक धागा तयार होतो, त्याला नेफ्रिन म्हणतात. हा धागा म्हणजे १२४१ मण्यांची माळ समजा. फिनलंडच्या बहुतेक लेकरांत दोनच प्रकारच्या चुका निघाल्या. पहिल्या प्रकारात मजकुरातली फक्त दोन अक्षरं गळालेली. पण त्यामुळं पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि माळ ९० मण्यांवरच संपते. दुसऱ्या प्रकारात माळ ११०९ मण्यांपर्यंत जाते आणि तुटते. दोन्हींत धागा जागेवर बसत नाही, म्हणून आजार तीव्र.

पण भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरच्या काही कुटुंबांत याच जनुकात वेगळी चूक सापडली. तिथं माळ ११६० मण्यांपर्यंत जाते. तिथल्या काही लेकरांचा आजार बराच सौम्य राहिला. आजाराचं नाव एक, जनुकही एक, फरक फक्त माळ कुठं तुटली याचा.

आपल्या गटाच्या हिशोबवहीवरून बघा. नावात काना-मात्रा चुकली तर बैठकीत आपण समजून घेतो. पण रकमेतलं एक शून्य गळालं तर अख्खा हिशोब बसत नाही. आणि मधली पानंच फाटली तर पुढचं काहीच कळत नाही. चूक लहान की मोठी यावर जसं अवलंबून असतं, तसंच ती कुठल्या जागी झाली यावरही असतं.

२००० मध्ये पॅरिसमध्ये कोरीन आंतिन्याक यांच्या गटाला गाळणीचं दुसरं जनुक सापडलं. त्यातून पोडोसिन नावाचं प्रथिन बनतं. त्यातली एक चूक फक्त एका मण्याची अदलाबदल करते, तरी लेकरू फार लहान वयात आजारी पडतं, कारण प्रथिन पेशीच्या आतच अडकून राहतं. दुसऱ्या काही चुकांमध्ये आजार कितीतरी उशिरा दिसतो. २०१४ मध्ये तर आणखी एक गोष्ट उघड झाली. याच जनुकातला एक बदल पुष्कळ निरोगी माणसांत असतो आणि एरवी काहीच त्रास देत नाही. दुसऱ्या पालकाकडून ठराविक प्रकारची चूक आली, तरच तो घातक ठरतो. म्हणजे आजार किती तीव्र होणार हे आईची प्रत आणि बापाची प्रत यांची जोडी कशी जुळली यावर ठरतं. ती जोडी गर्भ राहतानाच ठरून जाते. आईनं नंतर काय खाल्लं, कुठं गेली, किती ओझं उचललं, यानं त्यातलं एक अक्षरही बदलत नाही.

आता आपल्या घराकडं वळू. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. इरावती कर्वे यांनी देशभरातल्या नातेसंबंधांचा अभ्यास करून १९५३ मध्ये ग्रंथ छापला. उत्तरेत नात्यात लग्न टाळतात, दक्षिणेत पसंत करतात आणि महाराष्ट्र मधोमध आहे, असं त्यांनी दाखवलं. आपल्याकडं पुष्कळ समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र बऱ्याच ठिकाणी नाही. या लग्नांमागं माया असते, जमीन असते, लेक जवळ राहावी ही इच्छा असते. त्याची टिंगल करायचं कारण नाही. पण सख्ख्या मामे-आते भावंडांचे आजी-आजोबा एकच असतात, त्यामुळं एकच चुकीची प्रत दोघांकडं असण्याची शक्यता वाढते. नात्याबाहेरच्या लग्नातही हे घडू शकतं, फक्त कमी वेळा.

दोघांकडं तशी प्रत असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. एक लेकरू आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. दरवेळी हिशोब नव्यानं सुरू होतो. आणि सून बदलून, दुसरं लग्न लावून मुलाकडची प्रत बदलत नाही.

मग करायचं काय? फिनलंडमध्ये हाच आजार १९८० च्या दशकापासून हाताळता येऊ लागला. शिरेतून प्रथिनं, चांगला आहार, मग डायलिसिस आणि वजन साधारण दहा किलो झालं की किडनी प्रत्यारोपण. जिथं एकही बाळ जगत नव्हतं, तिथं बहुतेक जगू लागली. म्हणजे जपण्याचा उपयोग आहेच. पण ते जपणं दवाखान्याच्या साथीनं करायचं असतं, आणि ते एकट्या आईचं काम नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. सुजलेलं लेकरू त्यांना दाखवा आणि लघवीची तपासणी मागा. पथकाची वाट बघण्यासारखी स्थिती नसेल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. सूज तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला असेल, घरात आधी असं लेकरू गेलं असेल, किंवा चार-सहा आठवडे स्टिरॉइड देऊनही लघवीतली प्रथिनं थांबत नसतील, तर डॉक्टरांना विचारा, "जनुकांची तपासणी करावी का?" चूक कळली तर निरुपयोगी औषधांचा मारा टळतो आणि पुढच्या गरोदरपणाआधी सल्ला घेता येतो. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका. दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारचं २०२१ चं धोरण आहे, आणि मुंबईचं के. ई. एम. रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे. तिथं मदतीची चौकशी करता येते.

पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आपल्या वस्तीत अशी एखादी बाई असेल, जिचं लेकरू गेलं आणि जिनं वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. तिला शेजारी बसवून सांगा, "बाई, ते तुझ्या हातात नव्हतं." आणि तिच्या घरातल्या जाणत्यांनाही हे सांगा, कारण ते ऐकायची खरी गरज त्यांनाच जास्त आहे.