लहान मुलाला मल्लखांबाला घालावे का?

मल्लखांबाच्या वर्गात मुलाला कितव्या वर्षी घालावे, असे पालक विचारतात तेव्हा बहुधा त्यांच्या मनात दुसराच प्रश्न असतो: पडला तर? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. २०२२ मध्ये गुजरातेत आणि पाठोपाठ २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमुळे हा खेळ अनेक घरांत दूरचित्रवाणीवर प्रथमच पाहिला गेला. दोरावर उलटे लटकून हसणारी मुले पाहून घरातले सहा वर्षांचे मूल ‘मलाही जायचंय’ म्हणू लागले, तर त्यात नवल नाही.

बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लखांबाचा उल्लेख सापडतो. आज आपण पाहतो त्या स्वरूपाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. मूळ हेतू कुस्तीगिराला जोडीदाराविना डावांचा सराव करता यावा हा. पुरलेला खांब साग किंवा शिसवीचा, जमिनीच्या वर साधारण अडीच मीटर, वर निमुळता होत जाणारा. त्याचे अंग, मान आणि माथ्यावरचे बोंड असे भाग मानतात. साखळीने टांगलेला खांब आणि सुती दोर ही त्याची भावंडे. दोर पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरायचा असतो आणि कोठेही गाठ मारायची नसते. लहान मुलांच्या दृष्टीने या तिन्हींत फरक आहे. पुरलेल्या खांबाशी मूल जमिनीच्या जवळ राहून शिकू शकते, म्हणून सुरुवात तेथून व्हावी. टांगता मल्लखांब हलतो, फिरतो. तो नवख्याचा नव्हे.

वयाबद्दल सांगायचे तर पाच-सहा वर्षांच्या मुलाला वर्गात पाठवण्यास हरकत नाही, मात्र त्या वयात त्याने मल्लखांब शिकावा ही अपेक्षा नसावी. कोलांटी, उड्या, लोंबकळणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि सूचना ऐकून थांबणे एवढे वर्षभरात जमले तरी फी वसूल झाली असे समजावे. यांतले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. ‘थांब’ म्हटल्यावर न थांबणारे मूल कितीही लवचीक असो, त्याला उंचीवर चढवणे धोक्याचे. आठ-नऊ वर्षांच्या आसपास पकडीतली ताकद आणि लक्ष देण्याची कुवत यांची सांगड बसू लागते; साध्या अढीपासून तेढी, बगली, दसरंग अशी पुढची वाट तेव्हा खऱ्या अर्थाने खुली होते. दहा-बाराव्या वर्षी सुरुवात केली तर उशीर झाला, ही समजूत निराधार आहे.

अशा व्यायामाने उंची खुंटते, ही आणखी एक समजूत. स्वतःच्या शरीराचे वजन पेलण्याच्या, देखरेखीखालील व्यायामाने मुलांची उंची खुंटत नाही. खरी काळजी वेगळी आहे. वाढत्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचे थर असतात आणि तेथे रोज तासन्‌तास एकसारखा ताण पडला तर इजा होते. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांत ती मनगटाशी दिसते. कंबर मागे वाकवण्याच्या अति सरावाने मणक्याला बारीक चीर पडू शकते. म्हणून आठवड्यातील सरावाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा अधिक नसावेत, असा ठोकताळा क्रीडावैद्यकात वापरला जातो: आठ वर्षांच्या मुलाला आठवड्याला आठ तास ही कमाल मर्यादा झाली, लक्ष्य नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांतीचा आणि एकाच खेळात लवकर अडकून न पडण्याचा सल्ला दिला. पोहणे, फुटबॉल, नुसते अंगणात हुंदडणे हे सारे मल्लखांबाचे पूरकच आहे.

आता पडण्याविषयी. मूल पडणारच, प्रश्न आहे तो कशावर आणि कोणाच्या देखत. वर्ग पाहायला जाताना खांबावरच्या कसरतींपेक्षा खांबाच्या तळाशी पाहावे. गाद्या खांबाला चोहोबाजूंनी लागून आहेत का, दोन गाद्यांमध्ये फट राहते का, खाली थेट फरशी आहे का? खांब हाताने हलवून पाहिल्यास डुगडुगतो का? दोर ज्या आकड्याला बांधला आहे तो गंजलेला तर नाही? आपल्याकडच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात लोखंड गंजते, सुती दोर ओल धरतो, गाद्यांना बुरशी येते. जूनमध्ये पुन्हा एकदा हे सारे पाहणे वावगे ठरणार नाही. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही, उलट स्वतःच दाखवतो. मग मुलांची संख्या मोजावी. एका खांबाशी एक मूल चढलेले असताना जाणत्या माणसाचे हात त्याच्याजवळ आहेत की तो पलीकडे मोबाइलवर आहे, हे दहा मिनिटांत कळते.

मनोऱ्यांबाबत मात्र पालकांनी कठोर राहावे असे आमचे मत आहे. स्नेहसंमेलन किंवा गणेशोत्सवातील प्रात्यक्षिकासाठी खांबावर अनेक मुले चढवून मनोरा रचतात आणि सर्वांत वरची जागा सर्वांत लहान, हलक्या मुलाला मिळते. ते मूल स्वतःच्या कौशल्यावर नव्हे, खालच्या पाच-सहा जणांच्या स्थिरतेवर उभे असते. महाराष्ट्रात दहीहंडीच्या थरांवर चौदा वर्षांखालील मुलांना चढवण्यास मनाई झाली ती याच चिंतेतून. रंगमंचाच्या फळ्यांवर, पुरेशा गाद्यांविना मनोरा रचला जाणार असेल, तर आपल्या मुलाला त्यातून वगळावे. टाळ्या दोन मिनिटांच्या असतात.

प्रवेशापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. अपस्मार, हृदयविकार, नुकतेच मोडलेले हाड यांची माहिती लपवू नये. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, म्हणून त्यांना डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीविना उलटे लटकवू नये. दमा असलेल्या मुलाला सहसा बंदी नसते. औषधाचा पंप पिशवीत हवा. डोक्याला मार लागला तर त्या दिवशीचा सराव तेथेच संपवावा आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत परत पाठवू नये. मांड्या आणि दंडांच्या आतल्या बाजूला सुरुवातीला त्वचा लाल होते, खरचटते; घर्षण कमी व्हावे म्हणूनच खांबाला आणि अंगाला एरंडेल लावतात. ते चार-सहा दिवसांत सोसते. रात्री झोपमोड करणारी वेदना, लंगडणे, मागे वाकताना आठवड्यानंतरही दुखणारी कंबर यांना मात्र ‘अंग दुखतंय, होईल सवय’ म्हणून झटकू नये.

या खेळात प्रशिक्षकाला मुलाला हाताने आधार द्यावा लागतो, कधी झेलावे लागते. त्यामुळे स्पर्शाविषयी घरी आधीच बोलणे आवश्यक आहे. आधार कशासाठी, कोठे दिला जाईल हे प्रशिक्षकाने आई-वडिलांसमोर मुलाला सांगावे. पालकांना वर्ग पाहण्यास मज्जाव असेल, एखाद्या मुलाला एकट्याला वेगळ्या वेळी बोलावले जात असेल, तर तो वर्ग सोडावा. पॉक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: वजनावरून टोमणे मारणारा, ‘कमी खा’ सांगणारा प्रशिक्षक नको. उपासमार आणि अति सरावाने पाळी लांबते आणि हाडे कमकुवत होतात. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

स्पर्धांची घाई नसावी. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, खेलो इंडियात हा खेळ आला, २०२१ मध्ये मुंबईच्या हिमानी परब यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. वाट आता दिसू लागली आहे हे खरे. परंतु महिलांच्या जागतिक जिम्नॅस्टिक्समध्येही १९९७ पासून वरिष्ठ गटासाठी सोळा वर्षांची अट आहे, ती फार लहान वयात फार मोठे ओझे येऊ नये म्हणूनच.

राहता राहिले मुलाचे म्हणणे. सहा वर्षांच्या मुलाला ‘तुला आवडतं का?’ असे विचारले की ते समोरच्याचा चेहरा पाहून उत्तर देते. त्याऐवजी घरी आल्यावर ते खिडकीच्या गजांना लोंबकळते का, शिकलेले आजीला करून दाखवते का, की वर्गाच्या दिवशी दुपारपासून त्याचे पोट दुखू लागते, याकडे पाहावे. एका महिन्याची फी भरून बघावे, वर्षाची एकदम भरू नये. भरलेले पैसे पुढे पालकांच्याच पायात बेडी होतात. पहिल्या दिवशी पाठवताना घट्ट बसणारे कपडे, बांधलेले केस आणि कापलेली नखे असावीत. गळ्यातली साखळी, कानातले डूल, पैंजण आणि कमरेचा करगोटा आठवणीने घरीच काढून ठेवावा. दोरात अडकणारी वस्तू बहुधा यांपैकीच एक असते.